मीठ कमी केले तर टिकेल का? गोव्यातल्या घरगुती अन्न उत्पादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, धांदल असते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात खारे बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), मिठातली तोरे (कोवळ्या कैऱ्या), चोरिसांच्या (डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या) माळा, सगळे एका रांगेत मांडलेले दिसते. गेल्या काही वर्षांत याच रांगेत गिऱ्हाइके एक नवा प्रश्न विचारू लागली आहेत : "मीठ कमी आहे ना यात?" प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, आणि जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आहे. रक्तदाब, पक्षाघात, हृदयविकार यांच्याशी असलेले मिठाचे नाते पक्के आहे.

मी महिला गटांना लोणची, सुकी मासळी, मसाले यांचे प्रशिक्षण देते. मीठ कमी व्हावे असे मलाही मनापासून वाटते. पण टिकाऊ पदार्थात मीठ चवीपुरते नसते, राखणीलाही असते. ते काढून त्याच्या जागी दुसरी राखण बसवली नाही, तर पदार्थ आरोग्यदायी होण्याऐवजी धोक्याचा होतो. प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

घरच्या हुमणात (मासळीच्या कालवणात), भाजीत मीठ कमी केले तर काही धोका आहे का?

नाही. शिजवून त्याच दिवशी संपणाऱ्या पदार्थात मिठाला राखणीचे काम नसते. तिथे बिनधास्त कमी करा. पुढचे सगळे प्रश्न आठवडे-महिने ठेवायच्या पदार्थांबद्दलचे आहेत.

मीठ जिवाणूंना नेमके करते तरी काय?

मीठ त्यांचे पाणी पळवते. जिवाणूच्या पेशीबाहेर मीठ जास्त झाले की आतले पाणी बाहेर ओढले जाते. पेशी आक्रसते, उरलेली शक्ती स्वतःला सावरण्यात घालवते आणि तिची वाढ थांबते. बहुतेक वेळा जिवाणू मरत नाही, नुसता अडतो. हे विसरायचे नाही, कारण मीठ उतरले की तो पुन्हा वाढू शकतो.

पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातले जिवाणूंच्या हाती लागणारे पाणी किती, हे महत्त्वाचे. ते मोजण्याचे माप म्हणजे वॉटर ॲक्टिव्हिटी. शुद्ध पाण्याची १, ताज्या मासळीची साधारण ०.९९, दहा टक्के मिठाच्या पाण्याची ०.९४ च्या आसपास. आणि मीठ विरघळायचे थांबेपर्यंत घातले, म्हणजे लीटरभर पाण्यात साधारण ३६० ग्रॅम, की ०.७५.

हा ०.७५ चा आकडा गोव्यातल्या प्रत्येक घराने पाहिलेला आहे. जूनमध्ये मिठाची बरणी पाझरते ना? हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून ओले होते. सुका बांगडा पावसाळ्यात मऊ आणि चिकट होतो तेही याच कारणाने. म्हणून मेमध्ये सुरक्षित असलेली मासळी उघडी ठेवली तर ऑगस्टमध्ये तशी राहत नाही.

कुठल्या जिवाणूला किती मीठ अडवते?

सगळ्यांना एकच माप लागू नाही, आणि गल्लत नेमकी इथेच होते.

साल्मोनेला आणि ई. कोलाय मिठापुढे लवकर नमतात. वॉटर ॲक्टिव्हिटी ०.९४-०.९५ च्या खाली गेली की ते वाढत नाहीत. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा सर्वांत भीतीदायक. त्याचे विष अगदी कणभरही माणसाला लुळा करते. त्याच्या एका गटाला अडवायला पदार्थातल्या पाण्यात १० टक्के मीठ लागते. दुसरा गट ५ टक्क्यांना थांबतो, पण तो फ्रिजमध्ये ३ अंशांवरही वाढतो. लिस्टेरियाही फ्रिजला जुमानत नाही आणि जवळपास १० टक्के मीठ सोसतो. गरोदर बायकांना त्याचा मोठा धोका असतो.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस मात्र मिठातच मोठा होतो म्हटले तरी चालेल. बाकीचे जिवाणू मिठाने बाजूला झाले की त्याला रान मोकळे मिळते. तो येतो आपल्या हातांवरून, नाकातून, बोटावरच्या पिकलेल्या जखमेतून. त्याला थांबवायला वॉटर ॲक्टिव्हिटी ०.८५ च्या खाली न्यावी लागते, म्हणजे पाण्यातले मीठ साधारण २० टक्के. त्याचे विष उकळूनही जात नाही.

आता हिशेब करा. मीठ २० वरून १२ टक्क्यांवर आणले तर बोट्युलिनम अजून अडलेला असतो, पण स्टॅफिलोकॉकसला दार उघडे झाले. १२ वरून ७ वर आणले तर दोघांनाही. "थोडेसेच कमी केले" याला म्हणूनच अर्थ नाही. कुठल्या आकड्याच्या खाली गेलात ते सांगा.

मिठातल्या तोरांचे मीठ अर्ध्यावर आणायचे आहे. चालेल?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून वजनासकट सांगते.

एक किलो तोरे, एक लीटर पाणी, ३०० ग्रॅम मीठ. पाणी तयार केले तेव्हा त्यात मीठ २३ टक्के. पण तोरांमध्येही पाणी असते, किलोमागे साधारण ८०० ग्रॅम धरा. काही दिवसांत ते पाणी बाहेर येते, मीठ आत जाते, आणि दोन्हीकडे सारखे होते. तेव्हा हिशेब असा : ३०० भागिले (३०० + १००० + ८००), म्हणजे १४ टक्के.

आता मीठ १५० ग्रॅम घ्या. सुरुवातीला पाण्यात १३ टक्के दिसतात आणि वाटते, ठीक आहे. तोरे मुरल्यावर मात्र उरतात साडेसात ते आठ टक्के. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत मिठाच्या पाण्यातल्या लोणच्यासाठी किमान १२ टक्के मीठ सांगितले होते, त्याच्या हे कितीतरी खाली.

कैरी आंबट आहे, तेवढी आंबटाई पुरणार नाही का? बऱ्याच अंशी पुरते. पीएच (आंबटाईचे माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ च्या खाली बोट्युलिनम वाढत नाही, आणि कैरी त्याहून पुष्कळ आंबट असते. पण मीठ कमी पडले की पाण्यावर पांढरी साय धरते. ती यीस्टची आणि बुरशीची असते. ही मंडळी आम्ल खातात. साय आठवडेच्या आठवडे तशीच राहिली तर आंबटाई उतरत जाते, आणि जी राखण आहे असे आपण धरून चाललो होतो तीच निघून जाते.

पेडण्याकडच्या एका गटाने मला अशी बरणी आणून दाखवली होती. झाकणाखाली फेस, तोरे हाताला बुळबुळीत. ताई कळवळून म्हणाल्या, "सासूबाईंच्या मापानेच घातले हो मीठ, वाटीने." सासूबाईंची वाटी खड्या मिठाची होती की बारीक मिठाची, हे त्यांना आठवेना. आगरवाडोच्या किंवा नेरूलच्या मिठागरातले खडे मीठ वाटीत पोकळ बसते, वजनाला कमी भरते, शिवाय त्यात ओलावाही असतो. माप तेच राहते, मीठ बदलते. मीठ वजनावरच घ्या.

कमी मिठाची तोरे हवीच असतील तर व्हिनेगर घाला, बरणी लहान ठेवा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-चार आठवड्यांत संपवा. तो वेगळा पदार्थ आहे असे समजूनच विका. वर्षभराच्या तोरांची ती कमी खारट आवृत्ती नव्हे.

अंडे तरंगले की मीठ पुरले, असे आजी म्हणायची. खरे का?

ताजे अंडे साधारण १० ते १२ टक्के मिठाच्या पाण्यात तरंगू लागते, आणि शिळे त्याच्या आधीच. म्हणून अंडे तरंगले तर एवढेच कळते की पाणी दहाच्या आसपास आहे. वर पाहिलेच, तोरे घातल्यावर ते आणखी उतरते. आजी अंडे तरंगल्यावरही वरून दोन मुठी मीठ टाकायची, तो भाग आपण विसरलो.

सुक्या बांगड्यात मीठ कमी करता येईल?

येईल, पण तेवढे जास्त सुकवावे लागेल. इथे मीठ आणि ऊन एकमेकांची भरपाई करतात.

मासळीत एकूण मीठ किती यापेक्षा तिच्यात उरलेल्या पाण्याच्या मानाने मीठ किती, हे पाहायचे. मिठाचे वजन भागिले मीठ अधिक पाणी. १२ टक्के मीठ आणि ३५ टक्के पाणी असलेल्या बांगड्यात ते साडेपंचवीस टक्के भरते, छान. तेच १२ टक्के मीठ, पण मासळी अर्धवट सुकलेली, पाणी ५५ टक्के, तर जेमतेम १८. स्टॅफिलोकॉकसच्या वीसच्या रेषेखाली. उलट मीठ ८ टक्क्यांवर आणले पण पाणी २५ पर्यंत उतरवले, तर पुन्हा २४ टक्के. मीठ तिसऱ्या हिश्शाने कमी झाले आणि राखण होती तशीच राहिली. म्हणून मीठ कमी करू पाहणाऱ्या गटाला मी आधी उंच मांडव, जाळी किंवा सोलर ड्रायर यांवर पैसे घालायला सांगते. मासळी वाळूत पसरून हे साधत नाही.

दोन गोष्टी मात्र मिठाने किंवा उन्हाने सुटत नाहीत.

एक म्हणजे आतडी. १९९१ मध्ये इजिप्तमध्ये 'फसीख' या खारवलेल्या मासळीतून बोट्युलिनमची मोठी साथ आली. ९१ जण रुग्णालयात दाखल झाले, १८ दगावले. मासळी आतडी न काढता खारवलेली होती. पोटात मीठ पोचेपर्यंत तिथे विष तयार झालेले असते. १९८७ मध्ये न्यूयॉर्क आणि इस्रायलमध्येही आतडी न काढलेल्या खारवलेल्या मासळीने आठ जणांना हाच आजार झाला होता. आधी पोट साफ करा, चीर द्या, मग मीठ चोळा. मीठ कमी करणार असाल तर हे दुप्पट काटेकोरपणे.

दुसरी म्हणजे हिस्टामाइन. बांगडा, सुरमई, कुपा अशी मासळी बर्फाविना तासन्तास पडली की जिवाणू तिच्यात हिस्टामाइन तयार करतात. खाल्ल्यावर तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते, डोके ठणकते. एकदा तयार झालेले हिस्टामाइन मिठाने, उन्हाने, तळल्यानेही जात नाही. कमी मिठाची मासळी ढगाळ हवेत सावकाश सुकत राहिली तर तिच्यातही ते वाढते. बांगडा जेटीवरून बर्फातच घरी यायला हवा.

सुक्या मासळीवर गुलाबी डाग आले. मीठ कमी पडले का?

नाही, उलट. हे जंतू मिठाशिवाय जगूच शकत नाहीत. ते मिठागरातल्या मिठाबरोबरच येतात. रायबंदर किंवा नेरूलच्या आगरांत उन्हाळ्याच्या शेवटी कोंडीतले पाणी लालसर दिसते, तीच ही वस्ती. मासळीवर ते आले की वास आणि पोत बिघडतो. अशी मासळी विकू नका, आणि पुढच्या खेपेला मीठ कोरडे, स्वच्छ घ्या.

चोरिसात मीठ कमी करावे का?

चोरिसाला मी सहसा हात लावू देत नाही. कच्चे डुकराचे मांस, आतड्यात गच्च भरलेले, आत हवा नाही. बोट्युलिनमला आवडणारीच परिस्थिती. तिथे मीठ, सुरेचे (माडाच्या ताडीचे) व्हिनेगर, मिरची-मसाला, वाळवणे आणि धूर हे सगळे मिळून काम करतात. लोथार लाइस्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने या विचाराला नाव दिले : अडथळ्यांची रांग. एकेक अडथळा लहान असला तरी जिवाणू सगळेच्या सगळे ओलांडू शकत नाही. रांगेतला एक काढला की बाकीच्यांवरचा भार वाढतो.

आणि आपल्या रांगेत व्हिनेगर हा कच्चा दुवा आहे. घरगुती सुरेच्या व्हिनेगरची आम्लता खेपेखेपेला बदलते. एका खेपेत चांगले चार टक्के, दुसऱ्या खेपेत त्याच्या निम्मे. जिभेला फरक कळत नाही. मीठ कमी करण्याआधी व्हिनेगरची आम्लता प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि वाळवल्यावर चोरिसाचे वजन किती घटते याची प्रत्येक खेपेला नोंद ठेवा. हे दोन आकडे हाताशी नसतील तर मिठाचे माप बदलू नका.

व्हॅक्युम पॅक केल्यावर मीठ कमी चालेल ना? हवाच नाही आत.

हा गैरसमज मला सर्वांत जास्त घाबरवतो. हवा काढली की बुरशी थांबते, म्हणून पाकीट महिनोन्महिने छान दिसते. बोट्युलिनमला मात्र हवा नकोच असते. बुरशी दिसली असती तर आपण पदार्थ फेकला असता, ती खूणही आपण पुसून टाकतो. मीठ कमी आणि वर व्हॅक्युम, असे दोन्ही बदल एकदम केलेला पारा (सुक्या मासळीचे लोणचे), बलचांव (व्हिनेगर-मसाल्यातली सुंगटे) किंवा चोरिस दुकानाच्या फळीवर ठेवू नये.

फ्रिजमध्ये ठेवले की झाले?

५ अंशांच्या खाली आणि थोड्या दिवसांसाठी, हो. पण लिस्टेरिया आणि बोट्युलिनमचा थंडी सोसणारा गट तिथेही हळूहळू वाढतात, आणि पावसाळ्यात वीज जाते तेव्हा फ्रिज नुसते कपाट असते. फ्रिजमध्ये एक थर्मामीटर ठेवा.

पोटॅशियमवाले मीठ वापरले तर?

जिवाणू अडवण्यात पोटॅशियम क्लोराइड साध्या मिठाच्या तोडीचे आहे, पण वजनाला वजन नाही. त्याचा रेणू जड असतो. १०० ग्रॅम साध्या मिठाचे काम करायला साधारण १२७ ग्रॅम लागते. हे ध्यानात न घेता तेवढ्यास तेवढे बदलले की राखण कमी पडते. तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त बदलले तर कडसर चव लागते. लोणच्याच्या मसाल्यात ती काही अंशी झाकली जाते, मासळीत झाकली जात नाही.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना जादा पोटॅशियम घातक ठरू शकते. पाकिटावर ते ठळक लिहा.

सैंधव किंवा काळे मीठ?

तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. त्याने सोडियम कमी होत नाही.

मीठ कमी केल्याने खरेच कुठे विषबाधा झाली आहे का?

मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण साखरेचे आहे, पण कारण तेच. १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये हेझलनटच्या दह्यातून २७ जणांना बोट्युलिनमची बाधा झाली, एक जण दगावला. दह्यात घालायच्या हेझलनटच्या लगद्यात साखरेऐवजी कृत्रिम गोडवा वापरला होता. साखर पाणी धरून ठेवायची. ती गेली, लगदा पुरेसा तापवलेला नव्हता, आणि डब्यात विष तयार झाले. हेतू चांगला होता. चव जुळवली, पण साखर आणखी कुठले काम करत होती हे कुणी विचारले नाही.

मग मीठ कमी करायचे तरी कुठे?

जिथे ते निव्वळ चवीसाठी आहे तिथे, आणि अशा जागा पुष्कळ आहेत. पोदेराचा (पाववाल्याचा) पाव सकाळी येतो आणि संध्याकाळपर्यंत संपतो. त्यातले मीठ दर काही महिन्यांनी थोडे थोडे उतरवले तर जिभेला कळतही नाही, आणि घरोघरी रोज पाव लागतो म्हणून फायदा सर्वांना होतो. फरसाण, वेफर्स, भाजलेले काजू हे मुळात इतके कोरडे असतात की मीठ निम्मे केले तरी जिवाणूंना काही मिळत नाही. तयार सुक्या मसाल्यांचेही तसेच. सूप आणि सॉसमध्ये उकळी, आंबटाई आणि बाटली भरण्याची पद्धत राखण करते, मीठ नाही.

रक्तदाब आहे. पारा, तोरे, सुका बांगडा कायमचा सोडू?

डॉक्टर सांगतील ते पहिले. माझे म्हणणे इतकेच की पदार्थ कमी खारट करण्यापेक्षा त्याचा घास लहान करा. पेजेबरोबर अख्ख्या तोराऐवजी पाव फोड पुरते. सुका बांगडा पाण्यात भिजवून, पाणी दोनदा बदलून मीठ उतरवा. पण भिजवलेला बांगडा आता ताज्या मासळीसारखा झाला, ओट्यावर ठेवू नका. फ्रिजमध्येच भिजवा आणि लगेच शिजवा.

पाकिटावर 'कमी मीठ' लिहू शकते का?

तसा दावा करायला १०० ग्रॅम पदार्थात १२० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडियम चालत नाही, म्हणजे जेमतेम ०.३ ग्रॅम मीठ. टिकाऊ लोणचे यात बसणे शक्य नाही. सोडियमचा तपासलेला आकडा छापा. तो आकडा अडीचने गुणला की मीठ किती ते गिऱ्हाइकाला कळते.

रेसिपी बदलायची ठरवली. आधी काय करू?

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आणि पीएच मीटर घ्या. जुन्या रेसिपीचे मीठ, ओलावा, पीएच आणि वॉटर ॲक्टिव्हिटी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून मोजून आणा. बहुतेक जणी नव्या रेसिपीचेच आकडे काढतात आणि तुलनेला काही उरत नाही. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. नवी खेप एप्रिलमध्ये नव्हे, जुलैमध्ये ठेवून पाहा, कारण खरी परीक्षा तेव्हा असते. परवान्याबद्दलच्या शंकांसाठी बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयात विचारा.

बरणीचे झाकण फुगले आहे, पण वास चांगला आहे. चाखून बघू का?

नाही. बोट्युलिनमच्या विषाला वास-चव असेलच असे नाही, आणि कित्येकदा झाकण फुगतही नाही. फुगले असेल तर न उघडता दोन पिशव्यांत बांधून फेका, ओटा आणि हात साबणाने धुवा. विकलेली खेप असेल तर त्याच दिवशी दुकानदाराला कळवून परत मागवा.

कुणी खाल्लेच असेल आणि बारा ते छत्तीस तासांत, किंवा पुढच्या काही दिवसांतही, एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड झाल्या, तोंड कोरडे पडले, गिळता किंवा बोलता येईना, तर वाट पाहू नका. ताप नसतो, शुद्ध पूर्ण असते, त्यामुळे घरच्यांना अशक्तपणा वाटतो. लगेच मोठ्या रुग्णालयात न्या आणि काय खाल्ले ते स्वतःहून सांगा. उरलेला पदार्थ बरणीसकट पिशवीत बांधून बरोबर घ्या.